शंभराने गुणण्याआधी

"ताई, मी ३४ वर्षांचा आहे. गाड्यांच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं झाली, सध्या हिंजवडीत नोकरी. म्युनिकच्या एका कंपनीने वर्षाला ६२,००० युरोची ऑफर दिली आहे, त्यातले ६,००० व्हेरिएबल. घरी सगळे खूश आहेत. '६२ लाखांचं पॅकेज' म्हणून नातेवाइकांत बातमीही पसरली. इथे माझं सीटीसी २४ लाख. बायको बँकेत आहे, तिचं ९ लाख. दोघांचं मिळून महिन्याला सव्वादोन लाखांच्या आसपास हातात येतं. त्यातले ३८ हजार फ्लॅटचा हप्ता, १५ हजार सांगलीला आईवडिलांना, सत्तर हजार घरखर्च आणि जवळजवळ एक लाख बचत. मुलगी चार वर्षांची आहे. बायको नोकरी सोडेल, तिचं तिकडे गेल्यावर बघू. एचआरने आठवड्याभरात होकार कळवायला सांगितलंय. रुजू व्हायला १ ऑक्टोबर किंवा १ नोव्हेंबर. दिवाळी घरी करून जायचा विचार आहे. आणखी पगार मागावा असं वाटतं, पण सासरे म्हणतात, समोर आलेलं ताट लोटू नका. मागितलं आणि ऑफरच गेली तर?"
– एक वाचक, निगडी

तुमचं पत्र वाचून आधी मनापासून आनंद झाला. दहा वर्षं चिकाटीने काम केल्यावर ही संधी आली आहे, ती मोठीच आहे. तरी होकाराचा मेल पाठवण्याआधी एक संध्याकाळ काढा. बायकोला शेजारी बसवा आणि कागदावर हिशेब मांडा. मी इथे मांडून दाखवते. आकडे २०२५ सालचे आहेत आणि सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये धरले आहेत.

सगळ्यात आधी ते ६२ लाख विसरा. व्हेरिएबल मिळेल तेव्हा मिळेल, घरभाडं मात्र दर महिन्याला द्यायचं असतं. म्हणून हिशेबाला ५६,००० च धरायचे. म्हणजे महिन्याला ४,६६७ युरो, ब्रुटो, म्हणजे कर-विमा कापण्याआधीचे. जर्मनीत पगाराचं बोलणं नेहमी ब्रुटोवर होतं आणि घर नेटोवर, म्हणजे हातात येणाऱ्या पैशांवर चालतं. या दोन्हींमधलं अंतर आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे. आयकर तर कापला जातोच. शिवाय पेन्शनचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३ टक्के, आरोग्य विम्याचे साधारण साडेआठ टक्के आणि वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याचे वेगळे. हा फक्त तुमचा वाटा झाला, कंपनी जवळपास तेवढाच वेगळा भरते.

हातात किती येईल, हे तुमच्या टॅक्स क्लासवर, म्हणजे कौटुंबिक स्थितीनुसार लागणाऱ्या कराच्या वर्गावर ठरतं. बायको तिथे तुमच्यासोबत राहायला आली आणि कमावत नसली, तर क्लास तीन लागतो. ५६,००० वर महिन्याला साधारण ३,३०० ते ३,३५० युरो हातात येतात. तुम्ही आधी एकटे जाल आणि त्या दोघी निगडीतच असतील, तोपर्यंत क्लास एक, म्हणजे हातात २,९५० च्या आसपास. पहिल्या पगाराची स्लिप बघून अनेकांना कंपनीने चूक केली असं वाटतं. चूक नसते. कुटुंब ज्या वर्षी येईल त्या वर्षाचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरा, जास्तीच्या कापलेल्या करातला बराचसा परत येतो.

आता खर्च. म्युनिक हे भाड्याच्या बाबतीत जर्मनीतलं सर्वांत महागडं शहर. नव्याने भाड्याने निघालेल्या घरांचा दर चौरस मीटरला वीस युरोच्या वर आहे. तिघांना ७० चौरस मीटरचं घर धरलं तर १,४०० युरो झाले. ही काल्टमीटे, म्हणजे कोरडं भाडं. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, इमारतीची देखभाल चढवून वार्ममीटे १,७०० ते १,७५० पर्यंत जाते. वाणसामान आणि भाजी-दूध ५५०. दोघांचे डॉइचलांड-टिकिट, म्हणजे बस-लोकलचे महिन्याचे पास, प्रत्येकी ५८. वीज, इंटरनेट आणि मोबाइल मिळून दीडशे. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी १८.३६, टीव्ही असो वा नसो. किंडरगार्टन, कपडे, थंडीचे बूट, औषधं, कधीतरी बाहेरचं जेवण मिळून साडेतीनशे धरा. बेरीज २,९०० च्या आसपास जाते. जमेला मुलीचा बालभत्ता येतो, २५५ युरो. म्हणजे ३,३३० अधिक २५५ वजा २,९००, हातात उरले ६८५. अडुसष्ट-एकोणसत्तर हजार रुपये.

त्यातून ३८ हजार हप्त्याला, १५ हजार सांगलीला. राहिले पंधरा-सोळा हजार.

आज तुम्ही पुण्यात बसून लाखभर बाजूला टाकता. तिकडे '६२ लाखां'वर पंधरा हजार. पगार कमी आहे असा याचा अर्थ नाही. एका पगारावर तिघांचं घर चालवायचं आहे, आणि सध्याच्या घरातला दुसरा पगार तुम्ही पत्रात एका ओळीत मिटवून टाकला आहे. त्याच्याकडे वळते, आधी मागण्याचं बोलू.

मागा. नि:संकोच मागा. चार-पाच फेऱ्या घेऊन, दोन-तीन महिने घालवून त्यांनी माणूस निवडला आहे. सभ्य शब्दांत, कारणासहित आकडा मागितला म्हणून ऑफर मागे घेणारी कंपनी मी तिथल्या नऊ वर्षांत पाहिली नाही. फार तर 'एवढंच जमेल' असं उत्तर येईल, आणि मग निर्णय तुमच्याच हातात असेल. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीला नोकरी मिळणं हेच मोठं होतं, त्यामुळे त्यांची काळजी मला समजते. त्यांना हा वरचा हिशेब दाखवा. बेरीज-वजाबाकी त्यांना पटेल.

व्हिसाचं दडपणही घेऊ नका. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या राहण्या-नोकरीच्या परवान्यासाठी, २०२५ साली वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता. ज्या क्षेत्रांत माणसं कमी पडतात, त्यांना ४३,७५९.८०. आयटी आणि अभियंते त्यात येतात. तुम्ही त्याच्या बरेच वर आहात. 'आम्ही तुमचा व्हिसा करतोय' हे कोणी बोललं तर आभार माना, पण पगार कमी ठेवायला ते कारण होत नाही.

आकडा सांगण्याआधी एचआरला एक प्रश्न विचारा: ही जागा टॅरिफमध्ये आहे का? म्हणजे पगार कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक कराराने ठरतो का? वाहन आणि यंत्र उद्योगात ही संघटना म्हणजे आयजी मेटाल. टॅरिफ असेल तर पगार गटांनुसार ठरलेला असतो. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, गट एक ते बारा आहेत आणि आठवडा पस्तीस तासांचा. तिथे 'पाच हजार वाढवा' म्हणून काही होत नाही. 'दहा वर्षांच्या अनुभवाला आणि या जबाबदारीला वरचा गट लागू होतो' असं म्हणायचं असतं. टॅरिफ नसेल तर आकडा बोलण्यावर ठरतो, आणि बहुधा आठवडा चाळीस तासांचा. ६२,००० पस्तीस तासांचे आणि ६२,००० चाळीस तासांचे यांत किती फरक आहे, ते तुम्हीच भागून बघा.

टॅरिफ नसेल तर माझ्या मते तुम्ही ७२,००० मागावेत आणि ६८,००० च्या खाली उतरू नये. सगळी रक्कम फिक्स्ड. व्हेरिएबल द्यायचंच असेल तर त्याच्या वर. ५६ वरून ६८ हजार झाले तर कर-विमा जाऊन महिन्याला जवळजवळ सहाशे युरो जास्त हातात येतात. वरच्या हिशेबातली शिल्लक तेवढ्याने पावणेदोनपट-दुप्पट होते. मेलमध्ये तुमचा हप्ता, आईवडील, महागाई यातलं काही लिहू नका, ते कंपनीचं काम नाही. कामाचं लिहा. असं काहीसं: "ऑफरबद्दल मनापासून आभार, मला या टीममध्ये यायचंच आहे. दहा वर्षांपैकी इतकी वर्षं मी अमुक कंट्रोलरवर काम केलं आहे आणि तमुक प्रकल्प उत्पादनापर्यंत नेला आहे. या अनुभवाला म्युनिकमध्ये ७२,००० युरो निश्चित पगार योग्य वाटतो. यावर आपलं जुळलं तर मी लगेच सही करायला तयार आहे." शेवटचं वाक्य गाळू नका. समोरच्या एचआरला वरिष्ठांकडे जाऊन तेच सांगायचं असतं.

तुमचं सध्याचं सीटीसी त्यांनी विचारलं असेल आणि तुम्ही सांगूनही टाकलं असेल. सांगितलं असलं तरी त्याच्यावर 'अडीचपट देतोय' असा हिशेब करू देऊ नका. पुण्यातला पगार पुण्यातल्या बाजाराचा. युरोपीय संघाने २०२३ साली पगाराच्या पारदर्शकतेचा निर्देश केला. उमेदवाराला आधीचा पगार विचारू नये आणि जागेचा पगार किती ते आधी कळवावं, असं त्यात आहे. सदस्य देशांना तो आपल्या कायद्यात आणायला ७ जून २०२६ पर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे तुम्ही जे म्हणणार आहात, ते तिथल्या विचाराला धरूनच आहे.

आता पगाराबाहेरच्या गोष्टी. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण इथेच मी पोळले आहे.

२०१२ साली आम्ही स्टुटगार्टला गेलो तेव्हा कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, तीन महिने राहायची सोय आमच्याकडे. करारात ते नव्हतं. मी विचारलंही नाही, एवढं बोललेत तर देतीलच असं वाटलं. तिथे पोचल्यावर कळलं, दोनच आठवडे. फोनवर बोललेला माणूस तोवर दुसऱ्या विभागात गेला होता. दोन आठवड्यांत घर मिळत नाही. महिनाभर आम्ही आठवड्याच्या भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. शेवटी घर मिळालं आणि किल्ली घेऊन आत गेले, तर स्वयंपाकघर म्हणून एक रिकामी खोली. ओटा नाही, सिंक नाही, गॅस नाही, एक फळीसुद्धा नाही. भिंतीतून पाण्याचे दोन नळ टोपणं लावून बाहेर आलेले, आणि शेगडीसाठी एक जाड वायर टेपने गुंडाळलेली. जर्मनीत भाड्याच्या घराबरोबर स्वयंपाकघर असेलच असं नाही. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचलून घेऊन जातो, नाहीतर तुम्हाला विकतो. पहिले तीन आठवडे मी पुस्तकांच्या खोक्यावर एक इंडक्शन ठेवून खिचडी करत होते आणि भांडी न्हाणीघरात घासत होते. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

म्हणून सांगते, जे ठरेल ते करारात किंवा त्याला जोडलेल्या पत्रात लेखी पाहिजे. मागायचं ते हे: कमीत कमी दोन महिने, जमलं तर तीन, सामानसुमानासह घर कंपनीच्या खर्चाने. तिघांची तिकिटं, फक्त तुमचं नाही. व्हिसाचा आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्च. घर शोधून देणारी एजन्सी, कारण म्युनिकमध्ये जर्मन न बोलता स्वतः घर शोधणं फार अवघड आहे. इथला नोटीस पीरियड पैसे भरून कमी करावा लागणार असेल तर ती रक्कम. आणि स्थलांतराचे पैसे बिलं दाखवून परत मिळतील असं ठरवून घ्या. ठोक रक्कम पगारात घालून दिली तर तिच्यावर कर कापला जातो. नियमात बसणाऱ्या खर्चाचा बिलांवरचा परतावा करमुक्त देता येतो.

याच कागदात एक परतफेडीचं कलम असू शकतं: अमुक महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर हा खर्च परत करावा लागेल. कलम असायला हरकत नाही, पण दर महिन्याला रक्कम घटत गेली पाहिजे आणि कंपनीने काढलं तर लागू होता कामा नये. ते नीट वाचा. सुरुवातीचे सहा महिने प्रोबेशनचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कोणतीही बाजू करार संपवू शकते.

हाताशी रोकडही लागेल. घरमालक जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमीटे अनामत घेऊ शकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ४,२०० युरो. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, हे लक्षात ठेवा, बहुतेक लोक माहीत नसल्यामुळे एकदम भरतात. दलालाची फी २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्याने द्यायची, म्हणजे बहुधा मालकाने. पहिलं भाडं, स्वयंपाकघर, पलंग, गाद्या धरून आठ ते दहा हजार युरो सुरुवातीलाच जातात, आणि पगार महिनाअखेरीस होतो. तेवढी सोय नसेल तर रुजू होताना आगाऊ रक्कम मिळेल का, हेही विचारता येतं.

तारखेचं बोलू. दिवाळी घरी करायची तुमची इच्छा मला कळते. पण एक हिशेब माहीत असू द्या. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिला, तर त्या वर्षापुरता आयकराच्या दृष्टीने निवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. त्या दिवसापर्यंत निघालात आणि मार्चअखेरीपर्यंत परत आला नाहीत, तर तुम्ही अनिवासी. ऑक्टोबरअखेर निघालात तर मार्चपर्यंतचा जर्मनीतला पगारही भारतातल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, तरी फरक भरावा लागू शकतो. सी.ए.कडून तुमचा नेमका आकडा काढून घ्या, आणि मग दिवाळी की ऑक्टोबर ते ठरवा. त्याच वेळी बँकेतली बचत खाती एनआरओ (अनिवासींची, भारतातल्या उत्पन्नासाठीची) करण्याचं आणि एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं) खातं उघडण्याचंही विचारून घ्या. निगडीचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या, हप्त्याचा मोठा भाग तिथून निघेल. मात्र मालक अनिवासी असला की भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापावा लागतो, तो ३० टक्क्यांच्या वर जातो. विवरणपत्र भरून परत मिळेल, पण दर महिन्याला हातात पूर्ण भाडं येणार नाही.

आईवडिलांचंही एक. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुलगी जादा हप्ता न भरता येतात. आईवडील येत नाहीत. सध्या ते तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेमवर असतील तर राजीनाम्याबरोबर तो जाईल. निघण्याआधी त्यांची स्वतंत्र पॉलिसी काढा. वय वाढलं की ती मिळणं कठीण होतं, आणि आधीच्या आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो.

आणि आता तुमच्या पत्नीबद्दल. 'तिचं तिकडे गेल्यावर बघू' हे वाक्य पत्रातून काढून टाका, घरातूनही. ९ लाखांची नोकरी, बँकेतली ज्येष्ठता, रोज सकाळी साडीला पिन लावून आपल्या पायावर घराबाहेर पडणं, हे सगळं ती सोडणार आहे. ते या सौद्यातलं सगळ्यात मोठं देणं आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला तिथे पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा असते, व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही आधी द्यावी लागत नाही. कागदावर दार उघडं आहे. प्रत्यक्षात बँकिंगसारख्या कामाला चांगलं जर्मन लागतं, आणि ते यायला दीड-दोन वर्षं जातात. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघी त्याच काळात आतून खचल्या. थंडी, अंधार, दिवसभर घरात मूल, आणि बोलायला कोणी नाही.

म्हणून तिने राजीनामा देण्याआधी बँकेत बिनपगारी दीर्घ रजा मिळते का ते विचारावं. तुमचे प्रोबेशनचे सहा महिने पार पडेपर्यंत तरी तिची नोकरी शाबूत राहावी असं मला फार वाटतं. पुण्यात जर्मन शिकवणारं मॅक्सम्यूलर भवन आहे, आजच ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीच्या वर्गाची चौकशी करा, दोघांनी मिळून जा. आणि कंपनीकडे मागायच्या यादीत तिच्या भाषावर्गाचा खर्च घाला. हे मागायला लोक लाजतात, पण कंपन्यांना माहीत असतं की परदेशातून आणलेला माणूस परत जातो तो बहुतेक वेळा घरच्यांचं जमत नाही म्हणून. तिला दोन वर्षांनी अर्ध्या वेळेची नोकरी जरी मिळाली, तरी वरच्या त्या बेरजेचं चित्र पार बदलतं. एरवी पाच हजार युरो पगारात वाढवून घेण्यापेक्षाही ते मोलाचं आहे.

या शनिवारी दोघं बसा. मेल सोमवारी सकाळी पाठवा, म्हणजे आठवड्याच्या मुदतीत त्यांना उत्तर द्यायला वेळ राहील. टॅरिफ आहे की नाही आणि त्यांनी कितीवर बोलणं आणलं ते मला कळवा. करार हातात आला आणि परतफेडीचं कलम समजलं नाही, तर ती जर्मन वाक्यं जशीच्या तशी पाठवा, आपण मिळून वाचू.